तलावाला लागलेलं समुद्राचं गेट

“मॅडम, गेट ऑटोमॅटिक आहे,” फोनवरचा कन्सल्टंट तिसऱ्यांदा म्हणाला. “बाहेरचं पाणी वाढलं की ते आपोआप उघडेल.”

“बाहेर म्हणजे कुठे?”

“म्हणजे... तलावाच्या बाहेरच्या बाजूला.”

“बाहेरच्या बाजूला लोकांचं धान उभं आहे. तिथलं पाणी तलावापेक्षा वर चढायचं तर आधी अख्खं गाव बुडावं लागेल. बुडवू का?”

तो म्हणाला, “टीमशी बोलून कॉलबॅक करतो, मॅडम.”

मी पाळीवर उभी होते. पाळ म्हणजे तलावाचा मातीचा बांध. एका बाजूला तलाव काठोकाठ भरलेला. दुसऱ्या बाजूला, दोन माणसांच्या उंचीइतक्या खाली, धानाच्या बांध्या. बांधी म्हणजे चारही बाजूंनी धुरा, म्हणजे मातीचा बुटका बांध, घातलेलं धानाचं शेत. वरच्या बांध्यांत ओल होती. शेपटीच्या, म्हणजे सगळ्यात लांबच्या, बांध्यांना भेगा पडायला लागल्या होत्या. मधे आमचं नवंकोरं गेट, पाण्याखाली, घट्ट बंद. उघडायला त्याला ना चाक, ना दांडा, ना कडी.

शेजारी सोमाजी काका उभे होते. गावाचे पाणकर. तलावातलं पाणी कोणाच्या बांधीत कधी जाणार हे ठरवणारा माणूस. त्यांना फोनवरचं माझंच बोलणं ऐकू आलं होतं.

“काय म्हणते जी तो?” त्यांनी विचारलं.

“बाहेर पाणी वाढलं की उघडेल म्हणतो.”

काकांनी खाली बांध्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “बाहेर पाणी असतं तं आमी कायले उघडलं असतं?”

मी कपाळावर हात मारला. दुसरं काय करणार?

आता हे झालं कसं, ते सांगते. मी लघुसिंचन खात्यात शाखा अभियंता होते. गेल्या वर्षी रिटायर झाले. हे गाव भंडारा जिल्ह्यात, एकोडीच्या पुढे आहे. नाव लिहीत नाही, कारण आमचे साहेब अजून नोकरीत आहेत आणि त्यांना वाचायची सवय नसली तरी कोणीतरी वाचून दाखवेल.

आमच्या भागात जुने मालगुजारी, म्हणजे जमीनदारांच्या काळातले, तलाव पुष्कळ आहेत. या तलावावर थंडीत लांबून पाखरं येतात. तलवार बदकं येतात, चक्रवाक येतात, आणि चिखलात चोच खुपसत तुरुतुरु पळणारे बारके तुतवार येतात. ही नावं मला नंतर कळली. तोवर मला बगळा आणि बगळा नसलेला, एवढे दोनच पक्षी माहीत होते. तर वर कोणाच्या तरी डोक्यात आलं की इथे पक्ष्यांचं आश्रयस्थान करावं. पर्यटक येतील. काम आमच्या उपविभागाकडे आलं आणि अहवाल करायला शहरातला एक कन्सल्टंट नेमला गेला. तो गावात एकदा आला, ड्रोन उडवला, लाखनीला हायवेवर जेवला आणि गेला.

महिन्याभराने अहवाल टेबलावर आला. जाड, गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. मी वाचायला बसले. बाराव्या पानावर लिहिलं होतं, ‘भरतीच्या वेळी खारे पाणी आत घ्यावे.’ मी चष्मा पुसला. पुढे काठाने कांदळवन लावायचं होतं. खेकड्यांच्या बिळांना धक्का लागू द्यायचा नव्हता. वादळाची सूचना मिळाली की बोटी किनाऱ्यावर ओढायच्या होत्या.

भंडाऱ्याच्या माणसाला समुद्र बघायचा तर रात्रभर रेल्वेत बसावं लागतं. या बाबाने कुठल्यातरी समुद्रकाठच्या अभयारण्याचा अहवाल उचलला होता, गावाचं नाव बदललं होतं आणि आम्हाला दिला होता.

माझं डोकंच फिरलं. लाल पेन घेतलं आणि पानापानावर रेघा मारत सुटले. ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं. चहाच्या वेळी खो-खो हसलो. साहेबांकडे गेले.

“साहेब, हे पाहा. आपल्याकडे भरती येणार आहे.”

साहेबांनी पानं उलटली. “टायपिंग मिस्टेक असेल.”

“साहेब, सव्वीस पानांची टायपिंग मिस्टेक?”

“मॅडम, तुम्ही दुरुस्त्या मार्क केल्या नं? झालं मग. पाठवून द्या परत.”

पाठवलं. पंधरा दिवसांत सुधारित अहवाल आला. ‘समुद्र’ जाऊन ‘तलाव’ आला होता, कांदळवन जाऊन करंज आला होता, खेकडे मात्र राहिले होते. खेकडे आमच्याकडे आहेत, म्हणून मी सोडले. शब्द न् शब्द तपासला. स्वतःवर भारी खूश होते मी. शेवटी ड्रॉइंगचे चार कागद जोडलेले होते. त्यांच्यात भरती कुठे लिहिलेली नव्हती. एका कागदावर होतं, ‘झडपदार निर्गम, एक नग.’ खाली बारीक अक्षरात, ‘जुना निर्गम कायमस्वरूपी बंद करणे.’

निर्गम म्हणजे पाणी बाहेर जायची वाट. नवी वाट होणार म्हणजे जुनी बंद होणार. बरोबरच आहे, असं मला वाटलं. चारही कागदांवर सही केली. शब्दांवर नाकाने कांदे सोलणारी मी, रेघांवर नजरसुद्धा नीट टाकली नाही.

ही झडप काय असते ते आता सांगते, तेव्हा कुणी मला सांगितलं असतं तर बरं झालं असतं. समुद्रकाठी पक्ष्यांसाठी तळं राखतात. त्याच्या तोंडाशी वरून बिजागरीवर टांगलेली लोखंडी झडप असते. ती फक्त आतल्या बाजूला उघडते. भरती आली की बाहेरचं पाणी तिला ढकलतं आणि आत शिरतं. ओहोटी लागली की आतलं पाणी तिला दाबतं आणि ती आपोआप बंद होते. पाणी आत अडकलं. माणूस लागत नाही. छान व्यवस्था आहे. समुद्र असेल तर.

आमच्या तलावात आतलं पाणी तिला बारा महिने दाबणार. बाहेरून ढकलायला कोणी नाही. ती उघडायचीच नाही.

जुनी वाट म्हणजे तुडुम. पाळीच्या आतल्या उतारावर दगडी पायऱ्या, प्रत्येक पायरीत एक गोल भोक, भोकात लाकडी बूच. खालून दगडी नाली पाळीतून पलीकडे बांध्यांकडे जाते. पाणकर वरचं बूच आधी काढतो. पाणी त्या पायरीपर्यंत उतरलं की पुढचं. तलाव असा पायरी-पायरीने खाली येतो. कोणी बांधलं, केव्हा बांधलं, माहीत नाही. त्याला वीज लागत नाही, कन्सल्टंट लागत नाही.

उन्हाळ्यात काम चालू असताना सोमाजी काका माझ्याकडे आले होते. “मॅडम, तुडुम कायले बुजवून राहिले?”

“काका, नवीन गेट येतंय. ऑटोमॅटिक. तुम्हाला आता पाण्यात उतरायचं कामच नाही.”

“पर भोकं राहू द्या नं जी. तुमाले कुठी दुखतात?”

“ड्रॉइंगमध्ये बंद करायचं लिहिलंय, काका.”

गवंड्याने भोकं सिमेंटने भरली. मी कम्प्लीशनवर सही केली. पावसाळ्यात तलाव भरला, सांडव्यावरून पाणी वाहिलं, सगळे खूश.

मग पाऊस लवकर गेला. दिवाळी पंधरा दिवसांवर. हलकं धान कापायला आलं होतं, पण शेपटीला सगळं भारी धान होतं. भारी धान उशिरा निसवतं. लोंबी बाहेर पडली की दाणा भरायला त्याला एक शेवटचं पाणी लागतं. ते मिळालं नाही तर लोंबी दिसायला लोंबीच राहते, आत दाणा नसतो. त्याला पोचट म्हणतात.

त्या वेळेला सोमाजी काका ऑफिसात आले. “मॅडम, दरवाजा उघडून नाही राहिला.” मला वाटलं काहीतरी अडकलं असेल.

पहिल्या दिवशी ठेकेदाराला बोलावलं. तो म्हणाला, “ड्रॉइंगप्रमाणे केलंय, मॅडम. तुमची सही आहे.” आपलेच दात, आपलेच ओठ. दुसऱ्या दिवशी मी ड्रॉइंग उघडून बसले आणि तेव्हा मला बिजागरीची बाजू दिसली. तिसऱ्या दिवशी कन्सल्टंटचा तो फोन. त्याचा कॉलबॅक अजून यायचाय. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळी मेली काय, जगली काय.

चौथ्या दिवशी साहेबांकडे गेले. “साहेब, तुडुम फोडावं लागेल.”

“काय फोडावं लागेल?”

“जुनं निर्गम. नवीन गेट उघडत नाही. शेपटीचं धान वाळतंय.”

“मॅडम, दिवाळीनंतर उद्घाटन आहे. मोठे पाहुणे येणार. पक्षी बघायला येणार. तलाव भरलेला दिसला पाहिजे. तुम्ही पाणी सोडून चिखल दाखवणार का त्यांना?”

“साहेब, धान उद्घाटनासाठी थांबत नाही.”

“मग मोटार लावा, पाइप लावा. पण जे काम आताच कम्प्लीट दाखवलंय ते फोडायचं नाही. लेखी सांगू का?”

“सांगा नं, साहेब. लेखीच सांगा.”

लेखी काही त्यांनी दिलं नाही. मी पाचवा, सहावा, सातवा दिवस पाइपांत घालवला. पाळीवरून सायफन लावला. सायफन म्हणजे पाइप पाण्याने भरून एक तोंड तलावात, एक तोंड खाली सोडायचं, मग पाणी आपोआप ओढलं जातं. दोन पाइप लावले. वरच्या दोन बांध्या भिजल्या. शेपटीला थेंब पोचला नाही. मला ते आधीच कळायला हवं होतं. कळत होतंही. पण साहेबांचा शब्द मोडायचा नव्हता आणि रिटायरमेंट दीड वर्षावर होती. खरं कारण हे आहे. ते लपवून काय फायदा?

आठव्या दिवशी सकाळी शेवंताबाई पाळीवर आल्या. शेपटीच्या सगळ्यात शेवटच्या चार बांध्या त्यांच्या. एकट्याच करतात, रोवणीपासून कापणीपर्यंत. डोक्यावर पदर, हातात विळा, आणि आवाज असा की तलावापलीकडच्या बगळ्याने मान वर करावी.

“मॅडम, या पाण्याचं काय लोणचं घालता?”

“प्रयत्न करून राहिलो, बाई.”

“आठ दिवस झाले तुमचे प्रयत्न पाहून राहिलो आमी. पाणी इथी दिसते. धान तिथी मरते. अन् तुमी म्हणता पाखरायसाठी ठेवलं. कुठी हायेत पाखरं?”

मी तलावाकडे पाहिलं. खरंच, पाखरं नव्हती. मधोमध चार-दोन बदकं तरंगत होती, बस.

सोमाजी काका म्हणाले, “येतात नं. रोज सकाळी येतात. घिरटी घालतात अन् निंगून जातात. पाय टेकाले जागाच नाही त्यायले. दरवर्षी या टायमाले वरचं बूच निंगते, काठाचा चिखल उघडा पडते, तवा उतरतात. चिखलातले किडे खातात ते. खोल पाण्यात काय खातीन?”

बाप्पा! म्हणजे धानासाठी जे पाणी सोडायचं, तेच सोडलं की पाखरांचं ताट वाढलं जायचं. पाखरं आणि धान यांच्यात भांडण नव्हतंच कधी. ते आम्ही लावलं होतं, गुळगुळीत कागदावर.

“काका, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?”

“तुमी विचारलं कवा?”

मला राग आला. त्यांचा नाही. स्वतःचा, कन्सल्टंटचा, साहेबांचा, त्या गुळगुळीत कागदाचा. मी गाडीतून साइट ऑर्डर बुक काढलं. कामावर दिलेला हुकूम त्यात लिहायचा असतो, म्हणजे उद्या कोणी विचारलं तर सापडतो. पाळीवर उकिडवी बसून लिहिलं, ‘जुन्या निर्गमाचे वरचे भोक आज उघडावे.’ सही केली, तारीख घातली.

“काका, सब्बल आहे?”

“हाये नं. रोज घेऊनच येतो.”

ती जड पहार रोज घेऊन येत होते. आठ दिवस.

काका धोतर खोचून पायऱ्या उतरले. कमरेपर्यंत पाण्यात उभे राहिले, पायाने चाचपून भोक शोधलं. सब्बलीचा घाव पाण्याखाली बसत नाही, पाणी जोर खातं. दहा-बारा घाव झाले. मग गावातले आणखी दोघे उतरले. मी वरून “सांभाळून, सांभाळून” म्हणत होते, त्याचा कोणाला काही उपयोग नव्हता. बऱ्याच वेळाने सिमेंटचा गोळा आत ढासळला आणि पाळीच्या पोटातून घळघळ आवाज आला. शेवंताबाई तोवर पलीकडे नालीच्या तोंडाशी जाऊन उभ्या होत्या. तिथून ओरडल्या, “आलं, आलं!”

आमच्याकडे पाणी शेपटीकडून द्यायची रीत आहे. आधी शेवटची बांधी, मग वरच्या. नाहीतर वरचे पिऊन घेतात आणि खालचे बघत राहतात. काका पाण्यातून निघाले तसे ओल्या धोतराने धुऱ्या-धुऱ्याने चालत गेले आणि वरच्या सगळ्या बांध्यांची तोंडं मातीने बंद करत गेले. मी मागे. संध्याकाळपर्यंत पाणी शेवंताबाईच्या बांधीत पोचलं. भेगांत शिरताना ते चुर्र आवाज करत होतं.

चार दिवसांनी दुसरं भोक फोडलं. काठाने बैलाच्या कासऱ्याइतका रुंद चिखल उघडा पडला. त्यानंतरच्या सकाळी काकांचा फोन आला, “मॅडम, या. पाहून घ्या.” मी गेले. चिखलावर बारीक बारीक काहीतरी हलत होतं. आधी मला वाटलं चिखलच हलतोय. तुतवार होते, शेकड्याने. त्यांच्या मागे उथळ पाण्यात बदकं शेपट्या वर करून डोकी बुडवत होती. मी पाळीवर बराच वेळ बसून राहिले. खरं सांगते, बरं वाटलं. राग तेवढ्यापुरता विसरले.

दिवाळी झाली. उद्घाटन झालं. पाहुणे दुर्बिणीतून बघून खूश झाले. साहेब चिखलाबद्दल माझ्याकडे डोळे वटारून बघत होते, पण पाहुणे खूश म्हटल्यावर तेही खूश. एका पाहुण्याने विचारलं, “ते नवीन गेट कोणतं?”

साहेबांनी पाण्याकडे बोट दाखवलं. “सर, ते पाण्याखाली आहे. पूर्ण ऑटोमॅटिक.”

माझ्या मागे सोमाजी काका खोकले. मी वळून पाहिलं नाही, पाहिलं असतं तर हसू फुटलं असतं.

दुसऱ्याच आठवड्यात मला कारणे दाखवा नोटीस आली. पूर्ण झालेल्या कामाची तोडफोड विनापरवानगी का केली? मी उत्तर लिहिलं, ‘जुना निर्गम माझ्या सहीने बंद झाला होता. माझ्याच सहीने उघडला. नवीन गेट चालण्यासाठी समुद्र आवश्यक आहे. तो उपलब्ध झाल्यास कळवावे.’ त्यावर पुढे कोणी काही विचारलं नाही.

कापणी झाली तेव्हा मी गावात गेले. साधारण सगळ्यांचं धान भरलं होतं. शेवंताबाई खळ्यावर होत्या. त्यांच्या चारपैकी दोन बांध्या जरा खोलगट, तिथे ओल टिकली होती, त्या भरल्या. शेवटच्या दोन उंचावर. त्यांतली एक लोंबी त्यांनी माझ्यासमोर तळहातावर चोळली आणि फुंकली. सगळं उडालं. हातावर काही राहिलं नाही.

“आठ दिवस आधी फोडलं असतं तं भरलं असतं, मॅडम,” त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“हो,” मी म्हणाले. त्यांनी चहा ठेवला. मी प्यायले.

वर्षभराने, रिटायर व्हायच्या थोडं आधी, साहेबांनी एक नवीन फाइल माझ्याकडे पाठवली. आंबागडकडच्या एका तलावाची. आमच्या तलावाचा यशाचा अहवाल सोबत जोडला होता, ‘स्वयंचलित गेटच्या उत्कृष्ट कार्यामुळे पक्ष्यांच्या संख्येत लक्षणीय वाढ.’ त्याखाली तेच ड्रॉइंग. झडपदार निर्गम, एक नग. डोक्यात पुन्हा तिडीक गेली.

या वेळी शब्दांना हात लावला नाही. ड्रॉइंग गुंडाळून त्या गावात गेले, तिथल्या पाणकराला शोधलं आणि पाळीवर कागद पसरून विचारलं, “दादा, पाणी कुठून येते अन् कुठी जाते, बोटाने दाखवा.” त्याने दाखवलं. मी बिजागरीवर लाल फुली मारली, तुडुम जसं आहे तसं ठेवायचं लिहिलं आणि फाइल परत पाठवली. सही केली नाही. साहेब चार दिवस बोलले नाहीत माझ्याशी. चार दिवस फार शांततेत गेले.

आमचं पहिलं गेट अजून तिथेच आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बाहेर दिसतं. काका म्हणे दरवर्षी त्याच्या बिजागरीला तेल घालतात. मी विचारलं, काहून? तर म्हणाले, “कागदावर समुद्र आलाच होता नं, मॅडम. उद्या खरंच आला तं?”

नवीन इंजिनिअर पोरी कधी कधी भेटतात, काही सांगा म्हणतात. मी सांगते, अहवाल हसायला ठेवा, ड्रॉइंग आधी वाचा, आणि सही करण्याआधी शेवटच्या बांधीपर्यंत चालत जा. त्या माना डोलावतात.

यशाच्या अहवालात पाखरं आहेत, पाहुणे आहेत, गेटही आहे. शेवंताबाईच्या दोन बांध्या पोचट गेल्या, ते त्यात कुठेच नाही. म्हणून इथे लिहिलं.